रिकामी करून घेतलेली गाडी

हॉलिवूडच्या ज्या दफनभूमीत रुडॉल्फ व्हॅलेंटिनोसारखी मूकपटांच्या जमान्यातली बडी मंडळी विसावली आहेत, तिथे २४ जुलै २००३ रोजी एका मोटारीची अंत्ययात्रा पोहोचली. मोटारीतून निघालेली नव्हे, मोटारीचीच. जमलेली माणसे चांगली शिकलीसवरलेली, कमावती. त्यांत सिनेमा-टीव्हीतले ओळखीचे चेहरेही होते. रीतसर भाषणे झाली. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हा नियम पाळायला कुणाला कष्ट पडले नसावेत, कारण ही माणसे गाडीच्या हयातीतही तिच्याबद्दल कुणाला वावगे बोलू देत नसत. खरी पंचाईत निराळीच होती. मयत ठणठणीत होते. काही जण तर त्यातच बसून आले होते.

गाडीचे नाव ईव्ही-वन, घराणे जनरल मोटर्सचे. १९९६ ते १९९९ या काळात अशा १,११७ गाड्या तयार झाल्या, आणि पुढच्या काही वर्षांत कंपनीने त्या एकेक करून परत नेल्या आणि बहुतेकींचा चेंदामेंदा केला. मोटार कंपनीने एखादे मॉडेल बंद करणे यात नवल काहीच नाही. प्रीमियर पद्मिनी बंद झाली, अँबॅसिडर बंद झाली, आणि आपण अजून त्यांच्यावर गहिवरून लेख पाडतो. पण बंद करणे वेगळे आणि घरोघर फिरून चालत्या गाड्या गोळा करून यंत्राखाली घालणे वेगळे. प्रीमियरचा माणूस एखाद्या टॅक्सीवाल्याकडे जाऊन म्हणाला असता, "काका, चावी द्या, आम्ही आता ही गाडी बनवत नाही," तर काकांनी जे उत्तर दिले असते ते इथे छापता आले नसते. ईव्ही-वनवाल्यांनी मात्र चाव्या दिल्या. म्हणजे चाव्या नव्हत्याच त्या गाडीला, पण ते पुढे येईल.

सुरुवात झाली ती उन्हात. १९८७ साली ऑस्ट्रेलिया उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडणारी सौर गाड्यांची शर्यत झाली आणि ती जनरल मोटर्सच्या सनरेसरने जिंकली. ती घडवणाऱ्यांत पॉल मॅकक्रेडी नावाचा एक अवलिया होता. त्याने आधी पायाने पॅडल मारून उडवायचे विमान केले होते. त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात बसून १९७९ मध्ये एक सायकलपटू इंग्लिश खाडी पार करून गेला होता. ज्याने माणसाच्या मांड्यांच्या जोरावर विमान खाडीपार धाडले, त्याला विजेवर मोटार पळवणे म्हणजे जवळजवळ सुट्टीचेच काम. त्याच्या कंपनीने जनरल मोटर्ससाठी दोन माणसांची एक विजेची गाडी करून दिली. जानेवारी १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात ती मांडल्यावर लोक इतके खूश झाले की कंपनीचे अध्यक्ष रॉजर स्मिथ त्याहून खूश झाले, आणि एप्रिलमध्ये, वसुंधरा दिनाचा मुहूर्त साधून, ही गाडी आम्ही बाजारात आणू असे जाहीर करून बसले.

ते कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने ऐकले. लॉस एंजेलिसचे आकाश तेव्हा मोटारींच्या धुराने मळकट झालेले. मंडळ उपाय शोधतच होते. एवढे जमते ना, मग कराच, असे म्हणून त्याने त्याच वर्षी नियम काढला: मोठ्या कंपन्यांनी १९९८ पासून राज्यात विकलेल्या गाड्यांपैकी २ टक्के गाड्या अजिबात धूर न सोडणाऱ्या असल्या पाहिजेत, आणि २००३ पर्यंत १० टक्के. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते! तिथून पुढे या गाडीला दोन बाप झाले, एक हौशीचा आणि एक सक्तीचा. आणि दोघेही एकाच इमारतीत बसत.

हौशीच्या बापाने जीव ओतला होता यात शंका नाही. गाडी थेंबाच्या आकाराची. मागची चाके पुढच्यांपेक्षा एकमेकांच्या जवळ आणि वरून झाकलेली, का तर वाऱ्याला धरायला काही सापडू नये. वाऱ्याच्या अडथळ्याचा तिचा आकडा ०.१९, तीस वर्षांनंतरही फारच थोड्या गाड्या तिथवर पोहोचल्या आहेत. किल्ली नाही. आकड्यांची बटणे दाबून आपला गुप्त क्रमांक सांगायचा, सुरू करायचे बटण दाबायचे, आणि मग काहीच व्हायचे नाही. घरघर नाही, थरथर नाही. नव्या माणसाला वाटे, बिघडली. त्याने पाय दाबला की ती बिघडलेली गाडी नऊ सेकंदांच्या आत ताशी शंभर किलोमीटरला टेकायची. रात्री घरी आले की एक चपटी प्लास्टिकची थापी तिच्या नाकावरच्या खाचेत सरकवायची. आत धातूला धातू लागत नसे, वीज चुंबकाच्या करामतीने पार होई. त्यामुळे भर पावसात ओल्या हातांनी चार्जिंगला लावली तरी झिणझिण्या येत नसत. एवढे सगळे खरे, पण पोटात अर्ध्या टनाहून अधिक वजनाच्या बॅटऱ्या, त्याही सुरुवातीला आपल्या इन्व्हर्टरला असतात तशा शिशाच्याच, आणि एका चार्जिंगमध्ये पल्ला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. १९९९ च्या गाड्यांत निकेलच्या चांगल्या बॅटऱ्या आल्या आणि तो दोनशेच्या घरात गेला. आसने मात्र दोनच. सासू-सासरे येणार असतील तर दुसरी गाडी लागेच.

जाहिरातही थाटाची होती. तीत एका घरातली विजेवर चालणारी सगळी उपकरणे आपापल्या तारा ओढत अंगणात येतात आणि दारात आलेल्या गाडीकडे बघत उभी राहतात. भावकीतले कुणीतरी शिकून मोठे होऊन परत आले, असा त्यांचा भाव. मला ही जाहिरात फार आवडते. त्या उपकरणांपैकी बहुतेक गाडीपेक्षा जास्त वर्षे टिकली असणार, ही गोष्ट मात्र तेव्हा कुणाच्या लक्षात आली नसेल.

आता मुख्य मुद्दा. ही गाडी विकत मिळत नसे. मिळे ती फक्त भाड्याने, कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनातल्या ठरावीक शहरांत, ठरावीक मुदतीसाठी. मुदत संपल्यावर अमेरिकेत भाड्याची गाडी ठरल्या किमतीला स्वतःची करून घेता येते. इथे करारात ते कलमच नव्हते. जनरल मोटर्सच्या वकिलांनी गिरगावातल्या चाळींचा अभ्यास केला असण्याची शक्यता कमी आहे, पण निष्कर्ष तोच काढला होता. आपल्याकडे मुंबईत ज्याने १९४० साली दोन खोल्या भाड्याने दिल्या, त्याच्या नातवाला अजून त्या बघायला मिळालेल्या नाहीत. म्हणून शहाणा घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो, बाराव्या महिन्याचे नाव काढत नाही, आणि भाडेकरूने खिडकीत तुळस लावली की त्याच्या पोटात गोळा येतो. तुळस लावणारा माणूस सहजासहजी उठत नाही.

ईव्ही-वनच्या भाडेकरूंनी तुळशीच तुळशी लावल्या. त्यांना आधी चांगले पारखून घेतले होते. गाडी मिळवण्यासाठी आपल्याला केवढा अर्ज भरावा लागला याची थट्टा मेल गिब्सननेही केली आहे. एवढ्या चाळणीतून आलेली माणसे गाडी केवळ वापरत नसत, ती शेजाऱ्यांना दाखवत, अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवून आत बसवत. कंपनीचे विक्रेते करत नसतील एवढी विक्री हे बिनपगारी लोक करत होते, तीही विकायला नसलेल्या गाडीची.

मग कंपनीने हे सगळे का मोडून टाकले? कंपनीने दिलेली कारणे मी जमेल तेवढ्या निःपक्षपातीपणे वाचली आहेत आणि सांगायला वाईट वाटते, पण त्यांतले एकही कारण वेडगळ नाही. गाड्या थोड्या, म्हणून सुटे भाग करणारे कारखानदार हात वर करू लागलेले. गाडी एकदा विकली की कित्येक वर्षे तिचे भाग आणि दुरुस्ती पुरवण्याची जबाबदारी गळ्यात. उद्या काही जळाले, कुणी दगावले, तर कोर्टात उभे राहायचे कंपनीने. आणि जळण्याची भीती हवेतली नव्हती. मार्च २००० मध्ये पहिल्या पिढीतल्या सुमारे ४५० गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण चार्जिंगच्या जागेतला एक भाग तापत होता आणि निदान एक गाडी त्यापायी पेटली होती. खर्चाचे तर विचारूच नका. महिन्याला चार-साडेपाचशे डॉलर भाड्यात तो भरून येण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय कंपनी सांगे की प्रतीक्षायादीत नावे होती पाच हजार, पण प्रत्यक्ष फोन केल्यावर करार करायला तयार झाली पन्नास माणसे. आपल्या सोसायटीच्या सहलीला नावे देणारे आणि सकाळी सहाला बसपाशी येणारे यांचा ज्याला अनुभव आहे, तो या आकड्यावर पटकन अविश्वास दाखवणार नाही.

पण ही सगळी कारणे गाडी बनवणे थांबवायला पुरेशी आहेत. ती चिरडायला पुरेशी होत नाहीत. "जशी आहे तशी घ्या, पुन्हा तक्रार घेऊन येऊ नका," असे लिहून घेऊन ती देता आली असती, आणि भाडेकरू तसे लिहून द्यायला एका पायावर तयार होते.

इथे तेल कंपन्यांचा कट पुढे येतो. ख्रिस पेन यांच्या २००६ च्या माहितीपटाने, ‘हू किल्ड द इलेक्ट्रिक कार?’ने, संशयितांची चांगली लांबलचक रांग उभी केली: तेल कंपन्या, मोटार कंपन्या, सरकार, बॅटऱ्या, हायड्रोजनची स्वप्ने, गिऱ्हाईक. आणि धूर अगदीच आगीशिवाय नाही. त्या चांगल्या निकेलच्या बॅटऱ्यांच्या धंद्यातला जनरल मोटर्सचा वाटा टेक्साको या तेल कंपनीने विकत घेतला आणि पुढे टेक्साकोच शेव्हरॉनच्या पोटात गेली. एवढे वाचून कुणाच्याही अंगावर काटा यावा. माझ्या मात्र येत नाही, कारण मी आयुष्यात पुष्कळ कमिट्या पाहिल्या आहेत. चार माणसांना चहा कधी मागवायचा हे एकमताने ठरवता येत नाही, ती एवढे गुप्त कट कसे तडीस नेणार? मला वाटते ते याहून साधे आहे आणि म्हणून जास्त वाईट आहे. त्या इमारतीत बसणाऱ्या सक्तीच्या बापाला ही गाडी चालताना दिसायला नको होती.

कारण २००२ साली जनरल मोटर्स आणि डेमलरक्रायस्लर कॅलिफोर्नियाच्या त्या नियमाविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. कोर्टात मुद्दा कायद्याचा होता, राज्याचा अधिकार मोठा की केंद्राचा असा. पण कोर्टाबाहेर एकच पालुपद होते, की लोकांना असली गाडी नको आहे. आणि ती नको असलेली गाडी रोज सकाळी कुणीतरी पुसून-पासून लॉस एंजेलिसच्या महामार्गावर काढत होता. जिवंत गाडी हे फार गैरसोयीचे प्रकरण असते. तिला आकडे दाखवून गप्प बसवता येत नाही. एप्रिल २००३ मध्ये मंडळाने नियम ढिला केला. त्याच वर्षी भाडेकरूंना निरोप गेले. मुदत संपली, गाडी आणून द्या.

हा काही ईव्ही-वनपुरता नवा रिवाज नव्हे. क्रायस्लरने १९६० च्या दशकात विमानासारख्या टर्बाइन इंजिनाच्या पन्नास गाड्या दोनशेच्या वर कुटुंबांना तीन-तीन महिने फुकट चालवायला दिल्या होत्या. ते इंजिन जवळपास कशावरही चालायचे. मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांपुढे ते टकिलावर चालवून दाखवले होते म्हणतात. चाचणी संपल्यावर नमुन्यांसकट एकूण ५५ गाड्यांपैकी ४६ नष्ट केल्या. आणि ईव्ही-वनच्या वेळीही बाकीच्यांचे हात स्वच्छ नव्हते. होंडाने आपल्या विजेच्या गाड्या परत घेऊन मोडल्या. टोयोटाने राव-फोरची विजेची आवृत्ती मोडायला घेतली, पण लोकांनी इतका आरडाओरडा केला की उरलेल्या देऊन टाकल्या, आणि त्यांतल्या काही नंतर दीड-दोन लाख किलोमीटर बिनतक्रार पळाल्या. फोर्डने थिंक नावाची छोटी नॉर्वेजियन गाडी भाड्याने दिली होती. तीही चिरडायचे घाटत होते, तेव्हा ग्रीनपीसवाल्यांनी २००४ मध्ये नॉर्वेत निदर्शने करून एवढे लाजवले की फोर्डने त्या जहाजात घालून परत माहेरी पाठवल्या. तिथे त्यांना गिऱ्हाइके वाटच बघत होती.

जनरल मोटर्सला लाजवणे तेवढे सोपे गेले नाही. २००५ च्या फेब्रुवारीत बरबँक इथल्या कंपनीच्या आवारात सत्तर-ऐंशी ईव्ही-वन उभ्या असल्याचे कळले आणि मंडळी फाटकाबाहेर जाऊन बसली. उपोषण वगैरे नाही. घड्याळ लावून, पाळ्या करून, रात्रंदिवस पहारा. पाऊस पडला तरी उठली नाहीत. आत ७८ गाड्या आहेत असा त्यांचा हिशेब होता, आणि एका गाडीला २४,००० डॉलर या दराने त्यांनी सगळ्या विकत मागितल्या: मिळून सुमारे १९ लाख डॉलर. मोडीत काढायला निघालेल्या, हमी नसलेल्या, सुटे भाग न मिळणाऱ्या गाड्यांसाठी. भंगारवाल्याने असे गिऱ्हाईक पाहिले असते तर त्याने त्यांना पाट मांडून बसवले असते. कंपनी नाही म्हणाली. जवळजवळ महिनाभराने, मार्चमध्ये, ट्रक आले. दोन बाया वाटेत आडव्या आल्या म्हणून पोलिसांनी त्यांना धरून नेले. त्यांतली एक ‘बेवॉच’मधली अलेक्झांड्रा पॉल. गाड्या ॲरिझोनातल्या मेसा इथल्या कंपनीच्या चाचणी मैदानावर गेल्या. तिथे वरून घेतलेल्या छायाचित्रांत त्या एकावर एक रचलेल्या दिसतात, चपट्या झालेल्या, पण रंग अजून तुकतुकीत.

चाळीसेक गाड्या वाचल्या. त्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांना दान मिळाल्या, एका अटीवर: रस्त्यावर चालवायच्या नाहीत. आतली यंत्रणा निकामी करून दिल्या होत्या. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या हातात निकामी केलेली गाडी द्यायची आणि वर चालवू नका म्हणायचे, हा भाबडेपणा मला या सबंध प्रकरणात सर्वांत गोड वाटतो. एकच धडधाकट गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनला मिळाली. जून २००६ मध्ये, माहितीपट थिएटरात लागायच्या तोंडावर, ती तिथल्या दालनातून हलवण्यात आली. दालनाचे नाव जनरल मोटर्स हॉल ऑफ ट्रान्स्पोर्टेशन. संग्रहालय म्हणाले, आम्हाला जागा हवी होती. कंपनी म्हणाली, आमचा काही संबंध नाही. असेलही. जागेची अडचण कुणाला नसते!

त्याच वर्षी कंपनीचे प्रमुख रिक वॅगनर यांना एका मोटारविषयक मासिकाने विचारले, तुमचा सर्वांत वाईट निर्णय कोणता? त्यांनी ईव्ही-वन बंद करण्याचे आणि हायब्रिड गाड्यांकडे लक्ष न देण्याचे नाव घेतले. नफ्यातोट्यावर परिणाम झाला नाही, प्रतिमेवर झाला, असेही ते म्हणाले. प्रतिमा म्हणजे काय ते त्यांना लवकरच समजले असावे. २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली त्याच्या थोडेच आधी सरकारने त्यांना पायउतार व्हायला लावले. त्यात ईव्ही-वनचा हात होता असे अर्थातच नाही.

याच उन्हाचा एक कवडसा आपल्याकडेही आला आहे. सनरेसरच्या यशानंतर जनरल मोटर्सने अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी सौर गाड्यांची शर्यत भरवली आणि १९९० मध्ये ती मिशिगन विद्यापीठाच्या संघाने जिंकली. त्या संघात चेतन मैनी होते. त्यांनी पुढे बंगळुरूत रेवा नावाची विजेची गाडी काढली, २००१ साली. रेवा ईव्ही-वनच्या पासंगालाही पुरणार नाही. लंडनमध्ये जी-विझ या नावाने तिची जेवढी टिंगल झाली तेवढी क्वचितच कुठल्या गाडीची झाली असेल. पण ती विकली जायची. ज्याने घेतली त्याची झाली. त्याने ती चालवली, शिव्या घातल्या, बॅटरी बदलली, मुलीला शिकायला दिली, किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्री घालून ठेवली. २०१० मध्ये महिंद्रांनी ती कंपनी घेतली, तेव्हाही कुणी ताडपत्र्या उचलून बघायला आले नाही.

जनरल मोटर्सही शेवटी विकायला शिकली. २०१६ च्या अखेरीस तिने बोल्ट नावाची विजेची गाडी काढली, चार-पाच माणसांची, रोख किमतीला, मालकी हक्कासह. आणि मग ईव्ही-वनच्या वेळी वकिलांना ज्याची भीती होती ते सगळे तंतोतंत घडले. बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. २०२१ मध्ये तोवर बनलेल्या सगळ्या, म्हणजे १ लाख ४० हजारांच्या वर गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या. गाडी गॅरेजमध्ये ठेवू नका, उघड्यावर ठेवा, आणि दुसऱ्या गाडीपासून पन्नास फूट दूर ठेवा, अशी सूचना निघाली. आपल्या सोसायट्यांत पन्नास फुटांत किती गाड्या, स्कूटर आणि वाद मावतात याचा हिशेब त्यांना कुणी सांगायला हवा होता. खर्च दोनशे कोटी डॉलरच्या घरात गेला आणि त्यातले १९० कोटी बॅटऱ्या पुरवणाऱ्या एलजीने सोसायचे कबूल केले. कंपनीने या वेळी ट्रक पाठवले नाहीत. नव्या बॅटऱ्या पाठवल्या. भाडेकरूला नोटीस देता येते. मालकाच्या घरी मिस्त्री पाठवावा लागतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये कंपनीने बोल्टही बंद करत असल्याचे जाहीर केले. तिच्या विजेच्या गाड्यांत तेव्हा सर्वांत जास्त खपणारी ती बोल्टच होती. पुन्हा लोक हळहळले, पुन्हा लेख आले. या वेळी कुणी दफनभूमी शोधेपर्यंतही वेळ गेला नाही. जुलैमध्ये कंपनीनेच सांगितले की नवी बोल्ट काढतो आहोत. लोकांकडून फारच मागणी आली म्हणे.